तळ्यावरचा परीट

साठ सालच्या सुमारास, डॉक्टरेट पदरात पडल्यावर, मी बंगळूरच्या एका तळ्यावर हिवाळी बदकांचा अभ्यास करत होतो. ती किती वेळ निर्धास्त चरतात, एवढंच रोज टिपायचं होतं. समोरच्या काठावर एक म्हातारा परीट कपडे आपटायचा. काटकुळा, पोटऱ्यांपर्यंत पाण्यात उभा, प्रत्येक फटक्याला तोंडाने ‘हुस्स’ करणारा.

त्या आवाजाने बदकं बुजतील म्हणून मी त्याला ओरडून सांगायचो, “अण्णा, स्वल्प थांबा!” तो मुकाट्याने थांबायचा आणि बदकं भुर्रकन उडायची. आठवडाभर हेच चाललं. दोष मी दुर्बिणीच्या चकाकीला देत राहिलो.

शेवटी तोच आपल्या जुन्या बंगळुरी मराठीत म्हणाला, “सार, माझ्या आवाजाला नाही भीत ती. आवाज थांबला की भितात, कोण आलं म्हणून.”

इतकी वर्षं शिकून मला हे कळलं नव्हतं! पुढे तो धूत राहिला, मी लिहीत राहिलो, बदकं चरत राहिली. माझं सगळं काम त्या फटक्यांवर उभं राहिलं.

शेवटच्या दिवशी मला लिहायला उशीर झाला. वही मिटून आभार मानायला मी पलीकडे गेलो, तर कपडे केव्हाच वाळून गाठोडं बांधलेलं होतं. तो स्वतःच्या डोक्याचा पंचाच दगडावर आपटत होता.

“झालं, सार?” त्याने विचारलं, आणि मगच हात थांबवला.