हाक आली तेव्हा साहेब बाहेर होते

आमच्या खासदारांच्या संसदेतल्या कामगिरीचा मला वीट आला आहे. हे चारचौघांत बोललो की लोक मला सरकारचा माणूस समजतात. पगार मी सरकारचा खाल्ला, हे खरं. जवाहरनगरच्या सरकारी दारूगोळा कारखान्यात कारकुनी केली, तिथल्याच क्वार्टरमध्ये संसार केला. पण मत आयुष्यभर विरोधकांनाच दिलं. या साहेबांनाही दिलं आणि घरातल्या सगळ्यांना द्यायला लावलं. म्हणून तर किळस जास्त येते. दुसऱ्याच्या दारातली घाण नाकाला रुमाल लावून ओलांडता येते, आपल्या दारातली कुठं ओलांडणार?

निवृत्तीनंतर मी सानगडीला राहायला आलो. मुलगी अड्याळला दिलेली. जवाई एका लहान कारखान्यात लेथ मशीनवर होता. रेल्वेला लागणारे लोखंडी सुटे भाग तिथं बनत. मंदी आली आणि रेल्वेच्या ऑर्डरी थांबल्या. मालकानं आधी एक पाळी बंद केली, मग फाटकच लावलं. गुजरातच्या कारखान्यांत माणसं घेतात असं कानावर यायचं. मुलीचा सासरा अंथरुणाला खिळलेला, पोरगी पहिलीत. नवरा गेला तर शेतापासून दवाखान्यापर्यंत सगळं हिच्या एकटीच्या डोक्यावर. रोज फोनवर तिचं एकच विचारणं, "बाबा, हे जातीन त नाही ना?"

साहेब तेव्हा लोकसभेत मंदीवर धडाधड बोलत होते. मी रिकामा माणूस, सगळी भाषणं टीव्हीवर पाहिली. अर्धं भाषण उसन्या शेरांचं, उरलेलं टोमण्यांचं. बोलता बोलता मान अशी वळवायचे की कॅमेऱ्यात चेहरा पुरा यावा. कुठला कारखाना बंद पडला, किती हात रिकामे झाले, कोणाकडे काय मागायचं, यातलं अवाक्षर नाही. शेर संपला की बाक वाजायचे, बाक वाजले की साहेब खाली बसायचे.

एक दिवस जवाई आणि त्याच्यासोबतचे चार-पाच कामगार माझ्याकडे आले. त्यांना मी सांगितलं, भाषणानं काही होत नाही बाबांनो, प्रश्न टाका. मंत्र्यानं सभागृहात उभं राहून नुसतं "आम्ही बघू" म्हटलं, तरी त्याचं आश्वासन होतं आणि मग त्याच्या मागे लागता येतं. सरकारी भाषा मला चांगली येते, तेवढीच तर कमाई. रेल्वेच्या ऑर्डरी लहान कारखान्यांना पुन्हा कधी मिळणार, असा नेमका प्रश्न मी लिहून दिला. साहेबांच्या पीएनं तो दिल्लीत दिला आणि सोडतीत आमचं नशीब उघडलं. प्रश्न यादीत अगदी वर लागला. तोंडी उत्तर रोज मोजक्याच प्रश्नांना मिळतं. आम्हाला वाटलं, घोडं गंगेत न्हालं.

त्या सकाळी कामगार मोटारसायकली काढून अड्याळहून माझ्या घरी आले. मुलगीही आली. बायकोनं सगळ्यांसाठी पोहे केले. टीव्हीवर प्रश्नोत्तरं सुरू झाली आणि लगेच गोंधळही सुरू झाला. मंदीवर सरकार गप्प का, म्हणत विरोधक उठले आणि घोषणा देत बाहेर गेले. आमचे साहेब सगळ्यांच्या पुढे. मागचा प्रश्न संपला आणि अध्यक्षांनी साहेबांचं नाव पुकारलं. कॅमेरा बाकावर गेला. बाक रिकामा. अध्यक्ष म्हणाले, सदस्य उपस्थित नाहीत, आणि पुढच्याचं नाव घेतलं.

मग एकानं चॅनल बदललं. तिथं साहेब सापडले. संसदेच्या पायऱ्यांवर, छातीशी पाटी धरून, पत्रकारांना शेर ऐकवत होते.

मी पीएला फोन लावला. तो म्हणाला, "काका, पक्षाचा आदेश होता, साहेब काय करतीन? अन् तुमी क्लिप पाहा ना, कशी चालून राहिली!" त्याच्या आवाजात ओशाळेपणाचा लवलेश नव्हता. पाच वर्षांतून एखाद्या वेळी दार उघडतं, आणि नेमका त्याच वेळी हा माणूस उंबऱ्याबाहेर फोटो काढत उभा. मंत्र्याचं लेखी उत्तर आलं तेही त्याच लायकीचं. खरेदी गरजेनुसार होते, पुढचा प्रश्न उद्भवत नाही. हा एक चोर तर तो दुसरा, पण निदान दुसऱ्याला मी मत दिलं नव्हतं.

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. लेकी माहेरी येतात, सोयरे येतात, दिवसा दंडार म्हणजे सोंगं-गाण्यांचं लोकनाट्य होतं. आणि आलेला पाहुणा कोणीही असो, त्याला जेवल्याशिवाय जाऊ देत नाहीत. यंदा आमच्या मंडईला पाहुणे म्हणून साहेब आले. दंडारीची मंडळी तोंडाला रंग लावून ताटकळली होती, पण आधी मोठ्या पडद्यावर साहेबांची क्लिप लागली. त्याच पायऱ्या, तीच पाटी. पडद्यावरचे साहेब ओरडत होते, आमच्या पोरांना भाकरीसाठी परराज्यात का जावं लागतं? लोकांनी शिट्ट्या मारल्या. ज्यांचा प्रश्न त्या दिवशी मेला तेही टाळ्या वाजवत होते, आणि त्यांच्यात माझा जवाईही होता. मंडई समितीनं साहेबांना शाल-श्रीफळ दिलं. कशाबद्दल? तर संसद दणाणून सोडल्याबद्दल.

मी जवाईला बाजूला घेऊन म्हटलं, "टाळ्या कायच्या वाजवून राहिले तुमी?"

तो म्हणाला, "मामाजी, आवाज त उठोला ना त्याइनं. बाकीचे त तेही नाही करत."

वर समितीनं साहेबांचं जेवण माझ्याच घरी ठरवलं. का, तर माझ्याकडे फरशी आहे आणि हात धुवायला बेसिन. मंडईच्या पाहुण्याला नाही म्हणायची आमच्यात रीत नाही. रीतीला कधी कधी आग लावावीशी वाटते, पण मी पाट मांडला. मुलगी वाढत होती. साहेबांनी वडे खाल्ले, रस्सा ओरपला, भाताची तारीफ केली.

मी म्हटलं, "साहेब, त्या दिवशी आपला प्रश्न होता. तुमचं नाव पुकारलं, तुमी नव्हते."

"कोणता प्रश्न, काका?"

"रेल्वेच्या ऑर्डरीचा."

"हां, तो! त्याचं लेखी उत्तर आलं ना?" म्हणत त्यांनी आणखी रस्सा मागितला.

तेवढ्यात जवाई पुढे झाला आणि हात जोडून म्हणाला, "साहेब, मी त्याच कारखान्यात होतो. कुठं काही काम लागलं त पाहा ना."

साहेबांचा चेहरा खुलला. असल्या कामात त्यांचा हात कोण धरणार! उजवा हात रश्श्यात, डाव्या हातात फोन. पलीकडे गुजरातमधला कोणी कारखानदार होता. "अरे भाई, एक लडका भेज रहा हूँ, अपना ही आदमी है, रख लेना," म्हणाले, आणि फोन ठेवला. जवाईला नंबर सांगितला. दोन वाक्यांत काम झालं. दिल्लीत वर्षभर बोलून जे झालं नव्हतं ते माझ्या पाटावर बसून झालं.

मुलगी हातात भाताचं भांडं घेऊन तशीच उभी होती. म्हणाली, "साहेब, हे इथंच राहावं म्हणून आमी तुमाले दिल्लीले धाडलं. अन् आता तुमीच याइले गुजरातले धाडून राहिले?"

साहेब मोठ्यानं हसले आणि पीएकडे वळून म्हणाले, "ताई मस्त बोलते रे. महिला आघाडीत घे इले."

सगळे हसले. मुलगी भांडं ठेवून आत गेली. साहेबांनी बेसिनवर हात धुतले, बडीशेप घेतली, माझ्या खांद्यावर हात टाकून फोटो काढला आणि गाडीत बसले. गाडी निघाली तसा जवाई अनवाणीच तिच्यामागे पळत सुटला. नंबरचे शेवटचे आकडे त्याला नीट ऐकू आले नव्हते.