जुन्या बँकेचं छत

लेक इंग्लंडमध्ये शिकते. परवा संध्याकाळी तिचा व्हिडिओ कॉल आला, तेव्हा मी सिंगापूरला, यिशुनच्या आमच्या फ्लॅटमध्ये मेथी निवडत होते. नवरा शेजारीच सोफ्यावर होता. "ममी, हा कॅफे बघ. आधी बँक होती. सो ग्रँड लाह," असं इथल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणत तिने फोन छताकडे वळवला. माझे हात थांबले.

लग्नानंतर नवऱ्याची नोकरी इंग्लंडमधल्या त्याच गावात होती आणि मी तिथे आर्किटेक्चर शिकत होते. अभ्यासासाठी मी हीच बँक मोजून तिचे नकाशे काढले होते. बाजारचौकाकडे दगडी खांब, कोरीव कमान, सगळा थाट. बाजूच्या बोळात वळलं की नुसत्या विटा. बडा घर, पोकळ वासा, असं मी तेव्हा हसून म्हणायचे. आत तर कुणी शहाण्याने हीटरचा खर्च वाचवायला सपाट फॉल्स सीलिंग ठोकलं होतं. एकदा त्याची एक फळी सरकवून मी टॉर्च मारला. वर चुन्यात घडवलेले द्राक्षवेल होते आणि मधोमध काजळलेला काचेचा घुमट. टॉर्चच्या उजेडात मावेल तेवढंच दिसलं. हे छत उघडायचं काम माझ्या सरांच्या ऑफिसला मिळालं, तेव्हा त्यांनी मला नोकरी देऊ केली. त्याच सुमारास नवऱ्याची सिंगापूरला बदली झाली.

आता ते छत अख्खं समोर होतं. काचेतून टेबलांवर ऊन पडलं होतं. मी मुद्दाम खोट शोधली. काम चोख होतं. मला फार वाईट वाटलं.

"हे छत मी उघडणार होते," मी म्हणाले.

"तू? मग का नाही केलंस?"

माझ्याआधी नवराच बोलला, "अगं, आईला तिथली थंडी सोसत नव्हती."

तो खोटं बोलत नव्हता. माहेरी जावयाला कुणी बोल लावू नये म्हणून तेव्हा आईबाबांना हे कारण मीच सांगितलं होतं. अख्खा हिवाळा मी त्या बँकेत शिडीवर काढला होता, संध्याकाळी तोच मला न्यायला यायचा. तरी इतक्या वर्षांत त्याला ते खरंच वाटायला लागलं होतं.

"ओके लाह," लेक म्हणाली आणि तिने फोन केककडे वळवला.