पद्माकररावांची पाठमोरी खुर्ची

पद्माकर देवस्थळींना कुणी वाईट म्हणालं असेल, तर तो माणूस सिंगापूरच्या क्वीन्सटाउनात राहत नसणार. उभं आयुष्य जहाजांच्या इंजिनरूममध्ये गेलं, शेवटची काही वर्षं हार्बरफ्रंटच्या ऑफिसात. निवृत्त झाले, पाठोपाठ बायको गेली, आणि हातात उरलं काय, तर गणेशोत्सवातल्या मुलांच्या वक्तृत्व स्पर्धेचं परीक्षकपद. त्या एका दिवसाचा शर्ट आठवडाभर आधी इस्त्री होऊन खुंटीला लागायचा. शेजारच्या नीताकाकू म्हणायच्या, "लग्नातसुद्धा एवढे नटले नसतील!" नीताकाकू त्या लग्नाला हजर नव्हत्या, पण असल्या गोष्टींनी त्यांचं कधी अडलेलं नाही.

पण हे पद काही कायमचं नव्हतं. उत्सव आटोपला की मंडळाची सभा भरायची आणि एकेका परीक्षकासाठी हात वर करून सांगायचं: ठेवायचा की निरोप द्यायचा. पहिल्या वर्षी सगळेच्या सगळे राहिले. समोर बसलेल्या माणसाला 'नको' म्हणायचं म्हणजे भीड पडते ना! मग अध्यक्ष निशिकांत यांनी तोड काढली, की मतदानाच्या वेळी परीक्षकाने सभेकडे पाठ करून बसायचं. भीड गेली, पण लोक मत देणार कशावर? कुणाच्या घरच्या पुरणपोळ्या मऊ होत्या, यावर!

हे विनीताला पाहवेना. ती एका आयटी कंपनीत मॅनेजर, लोकांची अप्रेझलं करण्यात निम्मं आयुष्य चाललेलं. "आधी परीक्षकांनी काम कसं केलं ते सभेला कळू दे, मग हात वर करा," ती म्हणाली. साहजिकच ते काम तिच्याच गळ्यात पडलं. २०१४च्या स्पर्धेत सगळे मुलांकडे पाहत होते आणि विनीता परीक्षकांकडे.

सभा ब्लॉकखालच्या मोकळ्या तळमजल्यावर, व्हॉइड डेकवर भरली. पद्माकरराव पाठ करून बसले. समोर लेटरबॉक्सांची रांग, मागे अख्खं मंडळ. हे पद गेलं, तर 'काका, काका' करत कोण येणार होतं?

"पद्माकरकाकांनी एकूण एक मुलाला दहापैकी आठच दिलेत," विनीताने सुरुवात केली. "धनेश दोन वाक्यांनंतर रडत खाली उतरला. त्यालाही आठ."

"रडला छान हो!" मागून कुणीतरी म्हणालं. सभा हसली. पद्माकररावांचे कान तापले.

"म्हणजे काकांचे गुण धरले काय, सोडले काय, निकाल तोच. परीक्षक म्हणून ही मोठी चूक आहे." तिने पान उलटलं. "आता दुसरी बाजू. मुलं बोलत असताना बाकीचे परीक्षक कागदात डोकं घालून बसतात. काका मुलाकडे बघतात. मूल अडखळलं, की काकांच्या चेहऱ्याकडे बघतं आणि पुढचं वाक्य त्याला सापडतं. मी जे पाहिलं ते सांगितलं. ठरवा तुम्ही."

"निरोप द्यायचा?" निशिकांत यांनी विचारलं.

हात वर गेला की बांगड्या खाली घसरतात. इंजिनाच्या आवाजावरून त्याची तब्येत ओळखणाऱ्या पद्माकररावांनी कान टवकारले. दोन-तीन ठिकाणी किणकिण झाली. पुरुषांचा काही अंदाज येईना.

"ठेवायचा?"

आता मात्र मागे कासाराचं दुकानच हललं.

खुर्ची वळवून ते उठले आणि थेट विनीताकडे निघाले. आता जुंपणार, म्हणून मंडळी उपम्याच्या बशा घेऊन हळूहळू जवळ सरकली. नीताकाकू तर बशी विसरूनच आल्या.

"विनीता," ते म्हणाले, "तुझी काकू गेल्यापासून माझ्याकडे एवढं लक्ष देऊन कुणी पाहिलं नव्हतं गं. उपकार आहेत तुझे."

विनीताने भांडणाची जय्यत तयारी ठेवली होती. ती सगळी वाया गेली. "काका, पण सगळ्यांना आठ का?"

"आमच्या मुलाचं, क्षितिजचं, एकही भाषण मी ऐकलेलं नाही. प्रत्येक वेळी जहाजावर. ही पोरं उभी राहिली, की वाटतं, आपल्याला ऐकायला मिळतंय हेच खूप. कमी द्यायला हात धजत नाही."

"हात धजू द्या, काका. नुसते आठ ऐकून मुलांना कळत काहीच नाही."

पुढच्या वर्षी विनीताचीच मुलगी ऋचा उभी राहिली आणि पाच मिनिटांचं भाषण दोन मिनिटांत उरकून खाली उतरली. पद्माकररावांचं पेन आठापाशी गेलं, अडलं, परत आलं. शेवटी त्यांनी पाच लिहिले आणि भूकंपाची वाट पाहत बसले.

निकालानंतर ऋचा तरातरा आली आणि अस्सल सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "काका, ओन्ली फाइव्ह? सो स्ट्रिक्ट, ला!"

"अगं, शेवटची एमआरटी ट्रेन सुटत होती का? मुद्दे चांगले होते तुझे. मला एकही नीट ऐकू दिला नाहीस."

"मग आता ऐकता?"

पद्माकररावांनी आजूबाजूला पाहिलं. मंडप आवरायला घेतला होता. त्यांनी दोन खुर्च्या तेवढ्या मागून घेतल्या, एक तिला दिली आणि म्हणाले, "सावकाश बोल. मला कुठे जायचं नाही."