डांबर मी लावलंय

डोक्यावरची टोपी काढून टेबलावर आपटली की समजायचं, चाचा आता कुणाला तरी झोडपणार. मूळचे रत्नागिरीचे. ओमानात, सोहारला आमच्या कॅरॅव्हॅनच्या, म्हणजे चाकांवरच्या खोल्या-गाड्यांच्या वर्कशॉपात ते छपरं बसवायचे, मी पुढच्या ऑफिसात बसते. असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल. त्याच्या ओरडण्याची भीती वाटत नाही, उलट तो गप्प बसला की चैन पडत नाही.

"पत्रा घ्या," चाचा गिऱ्हाइकाला सांगायचे. "तापतो, वाजतो, पण ठोकून सरळ होतो. फायबर दिसायला झकास, तडकलं की बोंब. रबर थंड राहतं, पण नवीन माल आहे, मला त्याची खात्री नाय. खोटं नाय बोलायचं!"

मॅनेजर पुण्याचा. तो गोड हसून म्हणायचा, "रबराला दहा वर्षांची वॉरंटी आहे, सर." खालचं बारीक अक्षर त्याने कधी कुणाला वाचून दाखवलं नाही.

चाचांच्या भाच्याची चहाची गाडी होती, तिच्यावरच त्याचं घर चालायचं. मॅनेजरच्या बोलण्याला भुलून त्याने तिला आमच्याकडूनच रबरी छप्पर घेतलं. पहिल्याच पावसात सांध्यातून पाणी आलं. चाचा जुम्म्याच्या सुट्टीला वर चढले आणि कोकणात पावसाआधी सगळे करतात तेच त्यांनी केलं, डांबर फासलं. थोड्याच दिवसांत रबर पापडासारखं फुगलं.

मॅनेजर बघायला आला. "डांबर कोणी लावलं?"

भाचा कप विसळायला लागला. चाचांनी गाडीच्या फळीवर टोपी आपटली. "मी लावलंय. खोटं नाय बोलायचं."

"मग खलास. डांबर लागलं की वॉरंटी रद्द. लिहिलंय तिथे."

"अरे, पण गळलं आधी! गळलं म्हणून तर लावलं!"

"लिहिलंय तिथे."

आजही माझं डोकं फिरतं. छपरं बसवणाऱ्यालाच रबराला डांबर चालत नाही हे कोणी सांगू नये? सांगताना या मॅनेजरच्या जिभेला काय काटे टोचत होते? आणि खरं बोलला त्याचीच मान पकडायची! मेला कुठला!

चाचांनी नोकरीला लाथ मारली. भाच्याच्या गाडीवर स्वतःच्या हाताने पत्रा ठोकून दिला आणि गावी निघून गेले. मागे वर्कशॉपात आता कोणी ओरडत नाही.

परवा एक गिऱ्हाईक रबराची चौकशी करत होतं. "दहा वर्षं, सर," मॅनेजर हसला.

माझ्याकडे टोपी नव्हती. मी स्टेपलर आपटला.

"रबराची दहा. सांध्याची एकच. आणि डांबर लावलंत तर काहीच नाही."

मॅनेजर माझ्याकडे बघत राहिला. बघू दे.