ठिपके लावून एक फेरी

काजवालीनं उभी हयात शर्टांना काजं पाडली आणि बायकांच्या कानांना भोकं. शिवणाच्या कारखान्यात खिडकीखालची जागा तिची. जेवणाच्या सुट्टीत मशिनी गप झाल्या, की एखादी नवी पोरगी कानाची पाळी चाचपत तिच्यापुढं घुटमळायची.

"टोचायचेत? मग आधी त्या आरशासमोरून हल," काजवाली मान वर न करता म्हणायची.

आरशावर तिचा दातच होता. लहान असताना तिनं आईच्या चोरून, आरशात बघत, गादीत खोचलेल्या सुईनं स्वतःचे कान टोचून घेतले होते. बघताना मान वाकडी झाली आणि डावं भोक तांदळाच्या दाण्याएवढं खाली गेलं. सुई ना धुतलेली, ना उकळलेली. कान सुजून टम्म झाला, पू धरला. दवाखान्यातल्या नर्सबाईनं तो साफ करता करता तिला अशी काही झापली, की ती झाप जन्माला पुरली. हात साबणानं घासून धुवायचे. सुई दवाखान्यातली, सीलबंद. एकीची दुसरीला नाही. टोचायची ती खालची मऊ पाळी, वरच्या टणक भागाच्या वाटेला जायचं नाही. पुढं भोक बरं होईस्तोवर स्वच्छ मिठाचं पाणी, बाकी बोटं लांब.

हे सगळं नर्सबाईचं. फेरी मात्र काजवालीच्या स्वतःच्या डोक्यातली. ती पेनानं दोन्ही पाळ्यांवर ठिपके लावायची आणि पोरीला सांगायची, "जा, सगळ्यांना कान दाखवून ये." पोरगी लाजत लाजत मशिनींच्या रांगेतून निघायची. कुणी म्हणालं एक वर आहे, की ठिपके पुसून नवे. वाटेत जिचा धीर सुटेल तिनं नळावर कान धुवायचे. तिला का म्हणून कुणी विचारायचं नाही, हा काजवालीचा कायदा. इस्त्रीवाला दरवेळी ओरडायचा, "बाई, एक ठिपका मलाही लाव! बायकोचं बोलणं बाहेर पडायला वाट नाही!" आणि अख्खा कारखाना खिदळायचा.

अशाच एका फेरीत कापड कापणारी एक पोरगी काजवालीच्या भावापुढं उभी राहिली. तो बहिणीचा डबा घेऊन आला होता. "बघ रे, सारखे आहेत का?" काजवालीनं विचारलं. दोन कान बघायला भावाला एवढा वेळ लागला, की काजवाली काय ते समजली. वर्षाच्या आत ती पोरगी तिची वहिनी होऊन घरात आली.

आता कारखान्याला कुलूप आहे आणि त्या वहिनीची लेक कान टोचायला निघाली आहे.

"आत्या, तुझ्याच हातचे हवेत. नाहीतर मी न्हाणीतल्या आरशात बघून टोचीन."

न्हाणीतला आरसा म्हटल्यावर आत्या लगेच हो म्हणाली. पण खरी अडचण दुसरीच होती. गेल्या थंडीपासून तिचा उजवा हात थरथरत होता. चहा बशीत सांडला, की ती कपाला नावं ठेवायची, "हे नवे कप फारच हलके आणलेत बाई." आपलं कुणाच्या ध्यानात आलेलं नाही, अशी तिची समजूत होती. या एका भाचीचे कान टोचून झाले, की मग टोचणं सोडू, असं तिनं मनाशी धरलं होतं.

तिनं ठिपके लावले. भाची गल्लीत फेरीला गेली. वहिनीनं मिठाच्या पाण्यासाठी भांड्यात पाणी उकळायला ठेवलं.

पोरगी परत आली ती कान स्वच्छ धुऊन.

"नको आता. भीती वाटली."

कायद्यानं विचारायचं नव्हतं. पण महिनाभर घर डोक्यावर घेणारी पोरगी अशी नजर चुकवायला लागली, तेव्हा आत्यानं स्वतःचाच कायदा मोडला.

"कोणता खाली आहे म्हणाले?"

"कुणी काही नाही म्हणालं."

"कोणता?"

"...डावा. थोडासाच गं. किराणावाला म्हणाला, शेजारची काकूपण म्हणाली."

"तांदळाएवढा?"

पोरीनं होकाराची मान हलवली. आत्याचा हात आपसूक स्वतःच्या डाव्या कानाकडं गेला.

"वहिनी," आत्या म्हणाली, "कारखान्यात कापडाचे थरावर थर रचून एका रेषेत कापायचीस तू. हात धू आणि ये इकडं."

"अहो वन्सं, पोटच्या पोरीला? माझ्यानं नाही व्हायचं!"

"डोकं मी धरते. धरायला हात चालतो माझा. टोचायला नाही चालत."

"म्हणजे कप हलके नव्हते तर."

"तुला ठाऊक होतं?"

"बशा मीच धुते, वन्सं."

"मग बोलली नाहीस ती, भवाने?"

"तुम्ही कपाला एवढं बोलत होता, त्यात मी कुठं तोंड घालू?"

वहिनीनं नवे ठिपके लावले आणि पोरगी पुन्हा गल्लीभर फिरून आली. किराणावाल्यानं चष्मा पुसून बघितलं आणि सारखे म्हणाला. मग पाट मांडला, सुईचं सील फोडलं. आत्यानं पोरीचं डोकं छातीशी घट्ट धरलं आणि बोलायला लागली, "तुझा बाप एकदा माझा डबा घेऊन कारखान्यात आला. तुझी आई कानाला ठिपके लावून समोर उभी. आणि हा बघतोय, बघतोय..."

"वन्सं, पोरीपुढं काय हे!" वहिनी म्हणाली, पण तिचा हात हलला नाही. सुई आरपार झाली.

"आई गं! मग? मग काय झालं, आत्या?"

"उरलेलं दुसऱ्या कानाला."

दुसराही झाला. पोरगी आरशाकडं पळाली. भोकं एका रेषेत होती. आत्यानं लांबूनच बघितलं, जवळ गेली नाही. सुईच्या डबीचं झाकण तिनं लावून घेतलं. ते नीट बसायला दोनदा दाबावं लागलं.

वहिनीनं चहा आणला. आत्याचा चहा कपात नव्हता. जाड बुडाच्या स्टीलच्या पेल्यात होता, तोही अर्धाच. आत्यानं पेल्याकडं बघितलं, वहिनीकडं बघितलं आणि तो दोन्ही हातांनी उचलला.

"साखर कमी पडलीय," एवढंच म्हणाली, आणि चहा शेवटपर्यंत प्याली.