रोबोटला भूक लागत नाही

कुकरमधून उकडलेल्या शेंगांचा वास आला आणि माझं डोकं सणकलं. बाहेर नात अंतराळयानावरच्या टोळक्याचं विनोदी कार्टून बघत होती.

असलंच एक कार्टून आम्ही पालमजवळच्या आमच्या खेड्यात, पाटलांच्या अंगणातून बघायचो. विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस होते. बा म्हणायचा, "त्यांच्या दारात जाऊ नको." पण गावातला टीव्ही तिथंच होता. कार्टून संपलं की पाटलांची सुमन कॅप्टन व्हायची आणि सोडलेली बैलगाडी आमचं यान. त्या रविवारी मला यानावरची डॉक्टर व्हायचं होतं. तेवढ्यात पाटलीणबाई शेंगांचं टोपलं घेऊन आल्या. म्हणाल्या, "सुमे, तिला रोबोट कर. रोबोटला भूक लागत न्हाई, अन् त्यो कुणाला शिवत बी न्हाई."

पोरी गाडीत बसून शेंगा सोलायला लागल्या. खारट वाफ माझ्या नाकात शिरत होती. मी चाकाजवळ हात ताठ धरून उभी होते आणि मला चक्क अभिमान वाटत होता! रोबोटला सगळं येतं, म्हणून मला निवडलं, असं समजून मी नाचत घरी गेले. बाला सांगितलं. तो भरल्या ताटावरून उठला.

पाटलीणबाईंपेक्षा त्या अभिमानाचाच मला आज जास्त संताप येतो.

"आजी, खेळू या? तू रोबोट," नात म्हणाली. टीव्हीवरचा रोबोट सगळ्यांच्या मधोमध बसून हादडत होता.

"होते," मी म्हटलं. "पण हा रोबोट यानात बसणार, आणि पहिली शेंग तोच खाणार."