भुंकण्याची वही

कुत्र्याला वळण लावायला माणूस बोलवू, असं लेक म्हणाली तेव्हा मी आधी हसलेच. चौतीस वर्षं शाळेत पोरं हाकली मी, सातवी ब सारखा वर्ग गप्प बसवला, आणि आता घरातलं एक कुत्रं गप्प करायला बाहेरनं कुणाला तरी आणायचं? लेकीला फोनवर म्हटलं, "कुत्रं तुझं, लाड तुझे. घेऊन जा पुण्याला." ती म्हणाली, "आई, इथं खोलीवर कुत्रं चालत नाही. आणि बाबांना करमेल का त्याच्याशिवाय?" ते मात्र खरं होतं. रिटायर झाल्यापासून ह्यांचं बोलणं माझ्यापेक्षा त्या कुत्र्याशीच जास्त चालायचं.

लॅब्रेडॉर होता, बिस्किटाच्या रंगाचा, चार वर्षांचा. गुणाचा होता. खोड एकच. दुपारी जेवणाच्या सुमाराला कधी तरी अचानक उठायचा, खुर्चीत बसलेल्या ह्यांच्यासमोर उभा राहायचा आणि तोंडावर भुंकायचा. साधंसुधं नव्हे, घसा फोडून. पंजानं त्यांचा गुडघा ओरबाडायचा. रोज नाही, आठवड्यातनं एकदोनदा. त्यात काही नेम नाही असं मी धरून चालले होते. हे भयंकर चिडायचे, घामाघूम व्हायचे. "ने ह्याला इथनं! माझ्या जिवावर उठलाय हा!" मी ताट वाढलं, हे दोन घास जेवले, की कुत्रं थंड. मग मी निदान करून टाकलं की मेला खादाड आहे, जेवणाची वेळ झाली की त्याला दम निघत नाही. घामाचं म्हणाल तर सोलापुरात एप्रिलच्या दुपारी घाम कुणाला येत नाही?

शुक्रवार पेठेतली आमची गल्ली म्हणजे एका घरात शिंकलं तर दुसऱ्या घरातून "सत्य" म्हणतील. शेजारच्या तेलुगू घरातली सून दोनदा येऊन सांगून गेली, "बाई, बाळाला आत्ता कुठं झोपवलं होतं हो." तिसऱ्यांदा तिचे सासरे आले. दारातच उभे राहून म्हणाले, पुन्हा आवाज आला तर महापालिकेची गाडी बोलावून कुत्रं उचलून न्यायला लावतो. त्या संध्याकाळी हे कुत्र्याच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिले. टीव्हीसुद्धा लावला नाही. म्हणाले, "काहीही कर, पण ह्याला घालवू नको." लग्नाच्या एवढ्या वर्षांत ह्या माणसानं माझ्याकडं काही मागितलेलं मला आठवत नाही. मी लेकीला म्हटलं, पाठव तुझा तो माणूस.

आली ती बाई निघाली, आणि बाई कसली, माझीच जुनी विद्यार्थिनी. दारातच वाकून पाया पडली. "बाई, ओळखलं का? सातवी ब, खिडकीजवळचा बाक." कुठलं ओळखतेय! गप्प बसणारी पोरं लक्षात राहत नाहीत, लक्षात राहतात ती मार खाल्लेली. पण म्हटलं, हो हो, ओळखलं की. तिनं प्राण्यांच्या वागणुकीचं शिक्षण घेतलं होतं. ट्रेनर म्हटलेलं तिला आवडायचं नाही, बिहेविअरिस्ट म्हणा म्हणायची. कुत्र्यासमोर फरशीवर मांडी घालून बसली आणि अर्धा तास नुसती बघत राहिली. मला मनात आलं, ह्याचे पैसे घेतात होय?

मग तिनं सांगितलं. तो शांत पडला असेल तेव्हा जाऊन खाऊ द्यायचा. एक सतरंजी त्याची म्हणून ठरवायची, तिथं जाऊन बसला की कौतुक करायचं. भुंकला तर ओरडायचं नाही. "आणि मारायचं अजिबात नाही, बाई. चप्पल नाही, काठी नाही." सगळ्यात शेवटी पिशवीतून एक दोनशेपानी वही काढली. तीन रकाने आखलेले होते: वेळ, आधी काय झालं, नंतर काय केलं. "प्रत्येक वेळी भुंकला की लगेच लिहायचं. कुत्रा उगाच भुंकत नाही, बाई. तो काय सांगतोय ते ह्या वहीतून कळेल."

आता हे वहीचं ऐका. शाळेत टाचण वही असते. उद्या वर्गात काय शिकवणार ते आदल्या दिवशी लिहून ठेवायचं, असा नियम. कोण लिहितंय रोज? साहेब तपासणीला येणार असं कळलं की आम्ही सगळ्या बायका एका बैठकीत महिन्याचं टाचण उतरवायचो. शाई एकसारखी दिसू नये म्हणून मध्ये मध्ये पेन बदलायचा. त्यात आमचा हातखंडा होता. तर पंधरा दिवसांनी ती यायची म्हणून मी सकाळी चहा घेतला, तीन पेनं घेतली आणि वही भरून टाकली. सकाळी सात, दूधवाला आला, सतरंजीवर बसवलं. अकरा, बोक्याला बघून, खाऊ दिला. सहा, दाराची बेल, दुर्लक्ष केलं.

दुपारचं मात्र मी एकही लिहिलं नाही. विसरले नव्हते. दुपारचं लिहायचं तर "आधी काय झालं" ह्या रकान्यात लिहावं लागलं असतं की जेवायला उशीर झाला होता. बाईंच्या घरी नवऱ्याला वेळेवर ताट मिळत नाही, हे मी माझ्या विद्यार्थिनीपुढं लिहून द्यायचं? लाज वाटली मला. एवढीशी लाज.

उशीर का व्हायचा, तर पाणी. आमच्याकडं नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, आणि कधी येईल त्याचा भरवसा नाही. दुपारी आलं की मी गच्चीवर. पाइप धरून आधी टाकी, मग एकेक बॅरल, दाब कमी, तासदीड तास जायचा. हे होते कोर्टातले कारकून, घड्याळाचे पक्के. साडेबाराला पोटात इन्सुलिन टोचून घ्यायचे म्हणजे घ्यायचेच. मग माझी वाट बघत बसायचे. डबे झाकून ठेवलेले, भाकरी टोपलीत, पण हातानं वाढून घेणं ह्या माणसाला कधी जमलं नाही आणि मीही कधी जमू दिलं नाही. ताट मी वाढायचं, हा आमच्या घरचा शिरस्ता. ही सगळी गोष्ट चार ओळींत वहीत मावली असती.

तिनं वही वाचली. प्रत्येक पान वाचलं. मी फळ्यावर लिहिलेलं वाचायची तशीच, विश्वासानं. वहीप्रमाणं तिनं बेलची प्रॅक्टिस घेतली, दूधवाल्याची घेतली. त्याला कुत्रं काय सुधारणार? त्याला बेलचं काही पडलेलंच नव्हतं. पुढच्या पाण्याच्या दिवशी ते पुन्हा भुंकलं, शेजारचं बाळ पुन्हा रडलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. गच्चीवरनं खाली आले, कपाटातनं माझी लाकडी फूटपट्टी काढली, शाळेतलीच, आणि त्याच्या नाकावर हाणली.

खोटं कशाला सांगू, एकदाच नाही. तीन पाण्याचे दिवस लागले. चौथ्या खेपेला मी नुसतं कपाट उघडलं आणि कुत्रं सतरंजीवर जाऊन बसलं. मला काय आनंद झाला! लेकीला फोन लावला, म्हटलं, बघ, तुझ्या आईच्या हातून आजवर कुणी नापास झालेलं नाही. शेजारच्या सूनबाईनं वाटीभर पोळीचा लाडू आणून दिला. हेही खूश होते. कुत्रं राहणार होतं ना.

ती शेवटचं बघायला आली तेव्हा कुत्रं सतरंजीवर पुतळ्यासारखं बसलेलं. ती जवळ गेली, तसं त्यानं कान मागं घेतले आणि जिभेनं ओठ चाटले. ती माझ्याकडं बघून हळूच म्हणाली, "बाई, मारलं वगैरे नाही ना कुणी?"

"छे गं! मुंगी मारत नाही मी."

तिनं पुन्हा विचारलं नाही. मी तिच्या जागी असते तर खोदून खोदून विचारलं असतं. पण बाईंना दुसऱ्यांदा कोण विचारणार?

त्यानंतरचा आठवडा. पाचव्या दिवशी पाणी आलं, नेमकं साडेबाराला. हे सुई टोचून खुर्चीत बसले होते. मी म्हटलं, "आलेच, दहा मिनिटांत वाढते." वर गेले तर पाइप निसटलेला, त्यात वेळ गेला. मग शेजारची सून तिच्या गच्चीवर आली, बोलत उभ्या राहिलो. तीच म्हणाली, "किती शहाणा झाला हो तुमचा कुत्रा." मी म्हटलं, "वळण लावावं लागतं." दोन वाजत आले होते. खाली सगळं शांत होतं आणि त्या शांततेचा मला अभिमान वाटत होता.

खाली आले. हे खुर्ची आणि स्वयंपाकघराच्या मध्ये पडलेले होते. सदरा भिजून अंगाला चिकटलेला, डोळे अर्धवट उघडे. कुत्रं त्यांच्या कुशीला टेकून बसलं होतं. थरथरत होतं. खाली त्याची लघवी झाली होती. तोंडातून आवाज नाही. मला बघितल्यावर ते उठून सतरंजीवर गेलं आणि बसलं.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, साखर फार खाली गेली होती, फार वेळ. त्यांनी विचारलं, "घरात कुणी नव्हतं का?" मी म्हटलं, "होतं." हे तीन दिवस राहिले आणि चौथ्या दिवशी पहाटे गेले. शुद्धीवर आलेच नाहीत.

तेरावं झाल्यावर ती भेटायला आली. कुत्रं न सांगता तिच्यासमोर जाऊन बसलं. तिनं डॉक्टरांचं सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाली, "बाई, वही बघू का परत?" पानं उलटली. "ह्यात दुपारचं एकही नाही. माणसाची साखर उतरली की काही कुत्र्यांना वासावरनं कळतं, बाई." मी सांगितलं तिला. तीन पेनं, जेवणाचा उशीर, फूटपट्टी, सगळं. मला वाटलं ती ओरडेल. ओरडायला हवं होतं तिनं. ती कुत्र्याच्या मानेवरनं हात फिरवत राहिली आणि मग म्हणाली, "मी ओळखायला हवं होतं, बाई. मी पण तुमच्या वर्गात अशीच बसायचे."

फूटपट्टी मी मोडून चुलीत घातली. कुत्रं माझ्याकडंच आहे. लेक न्यायला आली होती, मी दिलं नाही. ह्यांनी एवढी एकच गोष्ट मागितली होती. आता वही रोज लिहिते, ज्या त्या वेळेला, एका पेननं. लिहायला फारसं काही नसतं. बेल वाजली, भुंकला नाही. बोका आला, भुंकला नाही.

काल पाण्याचा दिवस होता. अकरालाच पाणी आलं, पाइप टाकीत सोडलेलाच होता, मी गच्चीवर गेलेच नाही. त्याच्यासमोर फरशीवर बसले, ह्या गुडघ्यांनी, आणि म्हटलं, "भुंक रे. भुंक की. बघू कोण काय म्हणतंय ते." वर टाकी भरून पाणी वाहायला लागलं होतं. त्यानं माझ्याकडं बघितलं, मग कपाटाकडं बघितलं आणि सतरंजीवर जाऊन बसला. मी वही ओढली. वेळ, दुपारी साडेबारा. नंतर काय केलं, काही नाही. आधी काय झालं, ह्या रकान्याशी पेन थांबला. मग लिहिलं: मी मारलं होतं.